शिळी बातमी आणि फूफाजींची गारी

आमच्या घरात बातमी नेहमी एक दिवस शिळी असायची, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, झाशी स्टेशनच्या कंट्रोल ऑफिसात होते, मूळचे भुसावळकडचे. तिकडचा त्यांचा एक जुना गार्ड मित्र एक मराठी वर्तमानपत्र गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून पुढच्या गार्डाच्या हाती द्यायचा, तो त्याच्या पुढच्याच्या, आणि असं हातोहात करत ते झाशीपर्यंत पोचायचं. पोचेपर्यंत त्यावर चहाच्या कपाची दोन-तीन वर्तुळं उमटलेली असत, आणि शब्दकोडं बीना स्टेशनच्या आसपास कोणीतरी सोडवलेलं असे, तेही चुकीचं. अण्णा संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फलाटावर जात, गार्डाला नमस्कार करत, आणि एखाद्या पाहुण्याला घरी आणावं तसं ते वर्तमानपत्र घेऊन येत. मग जेवताना मोठ्याने वाचन. अग्रलेख, ज्वारीचा भाव, निधनवार्ता, सगळं. "उद्या जळगावात पाणी येणार नाही," अण्णा गंभीरपणे वाचत. "आलं असेल आता," आई आमटी वाढता वाढता म्हणे.

आई झाशीचीच. तिचे पूर्वज इथे कारभारी म्हणून आले ते परत गेलेच नाहीत. तिने महाराष्ट्र पाहिला होता तो फक्त लग्नानंतर, आणि तिचं मत असं पडलं की तिथले लोक फार भराभर बोलतात. तिच्या मराठीत एका टोकाला जुने दागिने होते आणि दुसऱ्या टोकाला झाशीचा बडा बाज़ार. "पाने मांडली आहेत, जल्दी या," हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की मला बराच काळ 'जल्दी' हा शब्द पेशवेकालीन वाटायचा. अण्णांना हसू यायचं. "तुझ्या आईच्या मराठीला फोडणी मोहरीची आणि झाकण मलमलचं," असं ते म्हणत, आणि याचा अर्थ त्यांनाही कधी सांगता आला नाही. चिंचगुळाची आमटी आणि बुंदेली कढीतले उडदाचे बरे, म्हणजे वडे, आमच्या ताटात शेजारी शेजारी नांदत. बाहेर शंटिंगच्या इंजिनाची शिटी, डबे एकमेकांवर आदळल्याचा दणका, आणि त्या दणक्याबरोबर फडताळातल्या कपबश्यांचं किणकिणणं. आमची रेल्वे कॉलनी म्हणजे भिंत घातलेलं छोटं भुसावळ होतं. भिंतीबाहेर बुंदेलखंड आहे, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक होतं.

हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो काही गाढवपणा केला त्याचं मूळ त्या भिंतीत आहे. निदान मी तसं सांगत आलोय.

तर, बी. ए. झालो, कोणता वर्ग मिळाला ते विचारू नका, आणि हाताला काम नाही म्हणून प्रौढ साक्षरतेच्या वर्गावर शिकवायला लागलो. झाशीजवळच्या चिरगाँवच्या पलीकडे एक गाव होतं, त्याला आपण डांगखेरा म्हणू. त्या गावाच्या खालच्या अंगाला अहिरवारांची, म्हणजे तिकडच्या दलितांची, वस्ती. तिथे दुपारी कडुलिंबाखाली बायकांचा वर्ग. तिथे मला रामकली जिज्जी भेटली. जिज्जी म्हणजे मोठी बहीण, पण तिला सगळेच जिज्जी म्हणत, तिचा सासराही. चाळिशीची, आवाज असा की बैल थांबावा. दोन महिन्यांत वाचायला शिकली आणि मग वस्तीत जे जे छापील होतं ते वाचून टाकलं: साबणाचा कागद, खताची गोणी, निवडणुकीतली भिंत. एके दिवशी माझ्यापुढे उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "काय नंदू भैया, पढ़बो तो सिखा दओ. अब पढ़ें का? हमाई बात तो कऊँ छपतई नईंयाँ."

वाचायला शिकवलंस, पण वाचायचं काय? आमच्याबद्दल तर कुठे छापूनच येत नाही. मला एकदम अण्णा आठवले, इस्त्रीचा शर्ट घालून फलाटाकडे निघालेले. आणि तिथल्या तिथे, कडुलिंबाखाली, मी जाहीर केलं की आपण साप्ताहिक काढू. त्या वयात माणूस असं काहीही जाहीर करू शकतो. नाव ठेवलं 'टेर', म्हणजे हाक. संपादक मी. रामकली जिज्जीने स्वतःचं पद स्वतःच ठरवलं, "बड़ी संपादक."

झाशीतल्या सीपरी बाज़ारातले गुप्ताजी लग्नपत्रिका छापायचे. त्यांना माझी दया आली, आणि त्यांच्याकडे उरलेला गुलाबी कागदही होता. पहिला अंक छापून झाला आणि मी तो अभिमानाने चिरगाँवच्या आठवडी बाजारात नेला. लोकांनी हातोहात घेतला. मी हवेत. मग एक म्हातारबाबा परत आले, अंक कपाळाला लावून म्हणाले, "बरात कबै है, भैया?" तेव्हा मी प्रथमच नीट पाहिलं. गुप्ताजींनी सवयीने वर गणपतीचा ठसा ठेवला होता, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, आणि खाली, 'पेयजल की समस्या गंभीर' या मथळ्याखाली, बारीक टाइपात: 'बाल-गोपाल सहित अवश्य पधारें.' गुप्ताजींना विचारलं तर ते दुखावले. "अरे भैया, बिना गणेशजी के कोई चीज़ छपती है क्या? अपशकुन होता है." गणपती शेवटपर्यंत राहिला. केळीचे खांब मी मोठ्या मुश्किलीने उपटले.

खरी अडचण मात्र कागदाच्या रंगात नव्हती, माझ्या लेखणीत होती. मला वाटायचं वर्तमानपत्राची भाषा म्हणजे कशी भारदस्त हवी. मी लिहायचो, 'पेयजल की अनुपलब्धता के फलस्वरूप महिलाओं में रोष व्याप्त है.' जिज्जी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची. वाचून झालं की बायका एकमेकींकडे पाहायच्या. "जौ रोस को आय?" एकीने विचारलं. हा रोष कोण, कुठल्या गावचा? जिज्जीचं लेखन बरं होतं असंही नाही. तिच्या प्रत्येक बातमीची सुरुवात 'रामकली ने देखा' अशी व्हायची आणि शेवट 'रामकली ने खूब सुनाई' असा. आम्हा दोन्ही संपादकांचं मिळून एकही वाक्य असं नव्हतं की ज्यासाठी कोणी बाजारात हात पुढे करावा. तिसऱ्या-चौथ्या अंकानंतर लोक गुलाबी कागद लांबूनच ओळखून वळायला लागले. एका भजीवाल्याने मात्र निष्ठा सोडली नाही. तो दर बाजाराला विचारायचा, "बचो है का?"

घरी अण्णा हे सगळं पाहत होते. एका संध्याकाळी त्यांनी हात धुऊन, पंच्याला पुसून सांगितलं, "पार्सल ऑफिसात एक जागा आहे. मी साहेबांशी बोललोय. पावसाळा सुरू व्हायच्या आत हो म्हणायचं. तोवर तुझं ते गुलाबी प्रकरण चाललं, लोक स्वतःहून मागायला लागले, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही चाललं तर आषाढात तू स्टुलावर बसलेला दिसला पाहिजेस." आई म्हणाली, "नंदू, तू परेशान नको होऊस. पार्सल ऑफिस छान असतं. आंबे येतात." आंब्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण त्या रात्री गच्चीवर झोपल्या झोपल्या मला पहिल्यांदा कळलं की 'टेर' बंद पडलेली मला चालणार नाही. जिज्जी परत साबणाचा कागद वाचायला लागेल. एवढंच ते होतं, आणि ते पुष्कळ होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे बातमी एकच होती. वस्तीतला हातपंप बिघडला होता. वरच्या गावात विहीर होती, पण तिथे या बायकांनी घागर टेकवली की सगळ्या गावाला एकदम जुने नियम आठवत. त्यामुळे त्या उन्हात दूरच्या नाल्यात झिरे खणून पाणी आणत होत्या. हातपंपाचा कारभार झाशीच्या एका सरकारी कचेरीत, आणि तिथल्या एका मोठ्या बाबूंच्या टेबलावर. मी त्यांची प्रतिक्रिया घ्यायला जायचो. खुर्ची रिकामी, पाठीवर टॉवेल, शेजारी शिपाई. "साहब हैं?" "टॉवेल है न? मतलब हैं." "कहाँ हैं?" "अभी नहीं हैं." मी त्या टॉवेलची इतक्यांदा भेट घेतली की तो बदलला तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आणि प्रतिक्रियेशिवाय बातमी छापायची नाही, हे तत्त्व मी कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं. जिज्जी चिडायची. "पंप तो सबखों दिखात है. बाबू का कैहे? कि पंप नईंयाँ?"

(आज जिज्जीची नात मोबाइलवर बातम्या करते. पंपापाशी उभी राहून बोलते, संध्याकाळपर्यंत पाच गावं पाहतात. मी एकदा तिला अधिकाऱ्याच्या प्रतिक्रियेचं महत्त्व समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "दद्दा, आप बहुत अच्छे हो, पर फ्रेम से थोड़ा हट जाओ." मी हटलो. प्रतिक्रिया मात्र ती घेते, आणि फोनवर घेते, टॉवेलला न भेटता.)

अशात अकती आली, म्हणजे आपली अक्षय तृतीया. जिज्जीच्या पुतणीचं लग्न होतं आणि मला आग्रहाचं आमंत्रण. बायकांची आठवडाभर काहीतरी कुजबुज चालली होती. मी जवळ गेलो की गप्प. "काय चाललंय?" विचारलं तर जिज्जी म्हणे, "तुमाए मतलब कौ नईंयाँ. तुम आ जइओ, बस. और कागज-कलम लै अइओ." मी आपला पांढराशुभ्र कुर्ता घालून, खिशाला पेन लावून गेलो. लग्न रात्रीच लागून गेलेलं. मी गेलो तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या कच्च्या पंगतीला. ही पंगत म्हणजे खास नात्यागोत्याची: भात, कढी, बरे, वर बुरा, म्हणजे पिठीसाखर, आणि तुपाची धार. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, त्याखाली वरपक्षाची वडीलधारी मंडळी पत्रावळींपुढे ओळीने बसलेली. आणि मला बसवलं कुणाशेजारी, तर नवऱ्या मुलाच्या फूफाजींशेजारी. फूफा म्हणजे आत्याचे यजमान, आपले आतोबा. तिकडच्या लग्नात फूफाजींचा मान इतका नाजूक असतो की त्याला डोळ्यांनी जरी धक्का लागला तरी तडा जातो. मी मान वर करून पाहिलं, पिळदार मिशा, खांद्यावर टॉवेल. टॉवेल मी लगेच ओळखला. कचेरीतले मोठे बाबू ते हेच!

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. प्रतिक्रिया माझ्या पत्रावळीपासून हातभर अंतरावर बसली होती आणि कढी भुरकत होती. मी अत्यंत अदबीने सुरुवात केली. तूप वाढलं, मिशांची तारीफ केली. फूफाजी विरघळत चालले होते. "हाँ हाँ, पत्रकार हैं आप? सोमवार को आइए. बैठ के बात करेंगे." सोमवार! माझा सोमवार ठरला होता. तेवढ्यात मांडवाच्या आडोशाला बसलेल्या बायकांनी ढोलक घेतला आणि गायला सुरुवात केली.

पहिल्या ओळीत नवऱ्या मुलाचे वडील चोर निघाले. दुसरीत त्यांची आई एका कुंभाराबरोबर पळाली. तिसरीत मुलाच्या काकांच्या बाबतीत जे म्हटलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि ते काका खो खो हसत होते ते मला दिसलंच नाही, कारण मी घामाघूम झालो होतो. आमच्या कॉलनीतल्या लग्नात विहिणीला नुसतं पाणी वेळेवर न मिळालं तरी दोन पिढ्या अबोला चाले. इथे तर जाहीर शिवीगाळ! आणि मग ढोलक जरा थांबला, जिज्जीचा तो बैल थांबवणारा आवाज एकटाच वर चढला, "अब सुनियो फूफा..."

माझा सोमवार! मी ताडकन उठलो. पत्रावळ ओलांडून मध्ये उभा राहिलो, हात जोडले, आणि माझ्या संपादकीय हिंदीत भाषण केलं. "माताओं और बहनों! अतिथि देवता के समान होते हैं. ऐसे अपशब्द हमारी संस्कृति को शोभा नहीं देते. फूफाजी एक सम्मानित अधिकारी हैं. मैं आपकी ओर से इनसे क्षमा माँगता हूँ." आणि मी खरोखरच वाकून फूफाजींची क्षमा मागितली.

 ढोलकवर एक हात तसाच अधांतरी. मला वाटलं, माझ्या वक्तृत्वाचा परिणाम. फूफाजींनी हातातला बरा खाली ठेवला. पत्रावळ हळूच पुढे सारली. "अच्छा," ते म्हणाले. "समधी खों गारी, कक्का खों गारी. और हमाई बारी आई तो छमा? काय, हम नातेदार नईंयाँ का?" आणि उठले. फूफाजी उठले म्हणून त्यांचे भाऊ उठले, भाऊ उठले म्हणून साडू उठले, आणि बघता बघता पंगत मोडली. मांडवाबाहेर फूफाजी एका खाटेवर आमच्याकडे पाठ करून बसले. नवरीची आई पदराने तोंड झाकून रडायला लागली. नवऱ्या मुलाचे वडील हताशपणे माझ्याकडे पाहून म्हणाले, "भैया, तुम कहाँ के आव?"

जिज्जीने मला दंडाला धरून गोठ्यामागे नेलं. "तुमाई कलम में आगी लगे! गारी रोकत है कोऊ? गारी तो अपनन खों गाई जात. जीखों नईं गाई, बौ पराओ!" गारी, म्हणजे लग्नात गाण्यातून द्यायची शिवी, फक्त आपल्या माणसाला गातात, ज्याला गायली नाही तो परका. लग्नातली गारी ऐकून रागावणं म्हणजे स्वतःचं हसू करून घेणं, आणि ती न मिळणं हा मात्र अपमान. आणि एवढ्यावर संपलं नव्हतं. ती दात खात म्हणाली, आठवडाभर आम्ही फूफाची गारी बांधत होतो. पंपाची. कचेरीत जो बाबू आम्हाला दिसत नाही तो पंगतीत हलू शकत नाही, उत्तर दिल्याशिवाय उठू शकत नाही. वर्षातून एकदा असा माणूस हाती लागतो, आणि तू त्याला सोडवलंस! "मला सांगायचं तरी," मी कण्हलो. "तुमें बता देते तो तुम पैले सें छाप देते. 'रोस व्याप्त है.'"

 

उपाय एकच होता. ज्याने गारी थांबवली त्यानेच फूफाजींना परत आणायचं, आणि आधी स्वतः गारी खायची. मी खाटेपाशी जाऊन उभा राहिलो. फूफाजी वळेनात. मग माझ्या डोक्यावर कोणीतरी लाल ओढणी टाकली, मला मांडवाच्या मधोमध पाटावर बसवलं, आणि त्या बायकांनी इतके दिवस गुरुजी म्हणून राखलेला माझा मान एका दमात वसूल केला. माझी हिंदी, माझा चष्मा, माझा गुलाबी कागद, भजीवाल्याशी माझे संबंध, सगळं गाण्यात आलं. माझं लग्न एका टॉवेलशी लावण्यात आलं. प्रत्येक कडव्याला एकेक बाई येऊन माझ्या पाठीवर हळदीने भरलेला पंजा फाडकन उमटवून जायची. लहान मुलं लोळत होती. आणि मी काय सांगू, पाचव्या-सहाव्या पंजाला मलाही हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या भिंतीच्या बाहेर होतो.

खाटेकडून एक खोकल्यासारखा आवाज आला. फूफाजींच्या मिशा थरथरत होत्या. ते हसणं दाबत होते. "इन पंडितजी खों तो खूब गाई," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "हमाई कहाँ गई?"

झालं. पत्रावळी पुन्हा मांडल्या, कढी पुन्हा गरम झाली, फूफाजी मधोमध बसले, आणि जिज्जीने ढोलक स्वतःकडे ओढला.

अब सुनियो फूफा, बड़े दफ्तर के राजा,
हैंडपंप हमाओ बजाउत है बाजा!
घिनौंची पै मूसे करें मेजमानी,
फूफा की मूँछन में पानी न पानी!

घिनौंची म्हणजे पाण्याच्या घागरी ठेवायचा ओटा. त्यावर उंदीर मेजवानी करतायत. पुढे फूफाजींच्या टॉवेलने झिऱ्यातलं पाणी गाळलं गेलं, त्यांना घागर डोक्यावर देऊन नाल्यावर पाठवलं, आणि वरच्या गावच्या विहिरीवर त्यांनाच 'लांब उभा राहा' असं सांगण्यात आलं. त्या ओळीला फूफाजींचा घास हातातच राहिला. तेही त्यांच्यातलेच होते. लहानपणी अशाच कुठल्या विहिरीपासून लांब उभे राहिलेले. क्षणभर मला वाटलं, पुन्हा उठतात. पण त्यांनी घास तोंडात घातला, हळूहळू चावला आणि मान डोलावली. गारी संपली. रिवाज असा की ज्याला गायली त्याने गाणारणींना नेग, म्हणजे ओवाळणी द्यायची. फूफाजींनी खिशात हात घातला. जिज्जीने ओट्यावरची रिकामी घागर उचलून त्यांच्या पत्रावळीशेजारी ठेवली.

"जौ नईं चाने फूफा. पानी चाने." हे नको, पाणी हवं.

सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता, दोन्ही पक्ष, आचारी, घोडीवाला. फूफाजींनी मिशांवरून हात फिरवला. "अकती कौ ब्याव है," ते म्हणाले, "मँड़वा के तरें बैठे हैं. झूठ नईं बोलहें. मिस्त्री आहे, और हम संगै आहें." मिस्त्री येईल, आणि मीही बरोबर येईन. मग माझ्याकडे वळले. "लिख लेओ पत्रकारजी. सोमवार की जरूरत नईंयाँ."

मी लिहून घेतलं. पेन हळदीने पिवळं झालं होतं.

घरी पोचलो तेव्हा अण्णा शिळं वर्तमानपत्र वाचत होते. माझी पाठ पाहून त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. अण्णांना पटलं की मी केलं तेच सभ्य होतं. आई मात्र आधी दाराला टेकली, मग खाली बसली, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बावळटा, गारी थांबवलीस? अरे, त्यांनी तुला कढीत बुडवायला हवं होतं!" आणि मग माझी आई, कारभाऱ्यांच्या घराण्यातली, जिच्या तोंडून मी आरतीपलीकडे काही ऐकलं नव्हतं, तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ताल धरून भुसावळच्या समस्त पुरुषांवर एक अख्खी गारी म्हटली. लहानपणी शेजारच्या लग्नांत शिकलेली. अण्णा लाल झाले. "हे तुला येतं?" "तुम्ही कधी विचारलंत?" आई म्हणाली आणि आमटी ढवळायला गेली.

फूफाजी आले, खरंच आले. मिस्त्रीबरोबर, टॉवेलसकट. पंप आधी खोकला, मग थुंकला, आणि मग असं पाणी आलं की जिज्जीने पहिली घागर फूफाजींच्या अंगावरच ओतली. त्या अंकाची बातमी मी लिहिली, 'विश्वस्त सूत्रों के अनुसार' अशी. जिज्जीने ती फाडली. मधोमध मोठ्या टाइपात अख्खी गारी छापली, खाली साध्या बुंदेलीत चार ओळी: पंप कधी बिघडला, कोण काय म्हणालं, कधी सुधारला. 'रामकली ने गाई' हे शब्द शेवटी आलेच, पण ते खरं होतं, मी काय करणार? गुप्ताजी मजकूर वाचून फार खूश झाले. "देखा? गणेशजी अब सही जगह बैठे." आणि मला न विचारता त्यांनी केळीचे खांब परत लावले.

चिरगाँवच्या बाजारात ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनी ऐकलं, आणि दुपार व्हायच्या आत ती गारी बांगडीवाल्याच्या पालापासून गुरांच्या बाजारापर्यंत लोकांच्या तोंडी होती. भजीवाल्याला एकही प्रत उरली नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या बायका रेशनच्या दुकानदाराची गारी घेऊन आल्या, त्यापुढच्याला शाळेत न येणाऱ्या मास्तरांची. आम्ही प्रत्येक ठिकाणी जाऊन खरंखोटं पाहायचो, समोरच्याला विचारायचो, आणि मगच छापायचो. रागावून कोणी तक्रार करायला गेलं असतं, तर ठाण्यात आधी ती गारी म्हणून दाखवावी लागली असती. कोणी गेलं नाही. पुढे मी पुष्कळ ठिकाणी लिहिलं, मोठ्या शहरांतली आमंत्रणंही आली, पण अंक हातात पडायच्या आधी लोक माझ्याकडे धावत येतायत असं मला पुन्हा कधी दिसलं नाही.

आषाढ आला. स्टुलाबद्दल कोणी काही बोललं नाही. एका संध्याकाळी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "तुझे ते गठ्ठे किती आहेत? चल." चिरगाँवच्या बाजूला जाणारी पॅसेंजर उभी होती. अण्णांनी आधी रांगेत उभं राहून पार्सलची रीतसर पावती केली, आणि मग सुतळीने बांधलेला गुलाबी गठ्ठा स्वतःच्या हाताने गार्डापुढे धरला. गार्डाने ब्रेकव्हॅनमध्ये डोकावून मान हलवली. "बाबूजी, आज तो जगह नहीं है. कल की गाड़ी से चला जाएगा, पर अखबार है, बासी हो जाएगा."

"बासी चलेगा," अण्णा म्हणाले. "घर की बोली में है."

गार्डाने गठ्ठा घेतला, जागा केली, आणि वरच्या गुलाबी कागदावरचा गणपती बघून विचारलं, "इसमें ऐसा है क्या बाबूजी, जो हर स्टेशन पर लोग पूछते हैं?"

अण्णांनी फलाटावर उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. कोणी साहेब दिसत नव्हता. मग माझ्या वडिलांनी, ज्यांनी जन्मात एक ओळ गायली नव्हती, गार्डाच्या हिरव्या झेंडीच्या काठीवर बोटांनी ताल धरला आणि घसा खाकरला.